बसू दे त्याला!

काडतुसाच्या बुडात बसणारा प्रायमर हा दिसायला अगदीच किरकोळ जीव. मोठ्या रायफलच्या काडतुसातला घेतला तरी त्याचा व्यास ५.३३ मिलिमीटर, लहान घेतला तर ४.४५. एवढीशी धातूची वाटी, तिच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा जेमतेम एक लेप आणि त्या लेपावर पाय रोवून उभी असलेली इवलीशी ऐरण. हा जीव पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात बसवायचा, आणि तोही बुडाच्या पातळीपासून साधारण ०.१ मिलिमीटर आत. झेरॉक्सचा एक कागद असतो तेवढे. आता या नाजूक कामासाठी अमेरिकेतला हौशी नेमबाज घरी काय आणतो? तर आठ किलोच्या आसपास वजनाचे ओतीव लोखंडाचे ‘प्रेस’ नावाचे यंत्र. ते टेबलाला बोल्टने आवळावे लागते आणि त्याला चांगला लांबलचक दांडा असतो. पत्रिका पाहून हे लग्न ठरवले असते, तर पहिल्या पानावरच मोडले असते.

हे लोक करतात तरी काय? बंदूक झाडली की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर फुटून जातो. शाबूत उरते ती पितळी पुंगळी, आणि काडतुसातला महागाचा ऐवजही तीच. ती फेकून देणे जिवावर येते. म्हणून जुना प्रायमर ढकलून बाहेर काढायचा, पुंगळी मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबायची. याला रिलोडिंग म्हणतात. श्रीखंडाचे रिकामे डबे वर्षानुवर्षे जपणाऱ्या मराठी घराला ही वृत्ती समजावून सांगायला नको.

या यंत्रांत नावाजलेले घराणे आरसीबीएसचे. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी ते सुरू केले. नावातली पहिली दोन अक्षरे ‘रॉक चक’ या खारीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याची. त्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवणारा साचा हंटिंग्टन यांनी बनवला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. त्यांच्या प्रेसचे नाव आजही रॉक चकर आहे. ज्याला मारायचे त्याचेच नाव अवजाराला देण्याचा हा दिलदारपणा आपल्याकडे उंदराच्या पिंजऱ्यालाही लाभलेला नाही.

दांडा एवढा लांब का, याचे उत्तर मात्र सरळ आहे. झाडलेली पुंगळी फुगते. तिला पुन्हा मापात आणायला पोलादी साच्यात कोंबावी लागते, आणि तिथे खरोखरच जोर लागतो. दांडा खाली येतो तसतसे यंत्राच्या पोटातले दोन सांधे सरळ रेषेत येत जातात आणि शेवटच्या टप्प्यात हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो. पहिलवान नसलेला माणूसही पितळेला वाकवू शकतो, हे या रचनेचे उपकार. आता यंत्र आहेच, दांडा आहेच, तर प्रायमरही त्यावरच बसवू, असा विचार करून कारखानदारांनी तीही सोय करून दिली. पुष्कळशा प्रेसवर पुंगळी मापात आणायला दांडा खाली ओढायचा आणि प्रायमर बसवायला तोच दांडा उलटा वर ढकलायचा. खाली ओढताना निदान अंगाचे वजन कामी येते. वर ढकलताना मनगटाने सगळा हिशेब ठेवायचा असतो. आणि मनगट हा काही फार हिशेबी अवयव नव्हे.

कारण प्रायमर बसताना बोलतो. आधी खळग्याच्या भिंतीला घासत जातो, तेव्हा एकसारखा, सौम्य अडथळा लागतो. मग ऐरणीचे पाय तळाला टेकतात आणि अडथळा एकदम टणक होतो. त्यानंतर अगदी किंचित दाब द्यायचा, म्हणजे ऐरण लेपाला घट्ट भिडते, आणि तिथेच थांबायचे. पाय टेकायच्या आधी थांबलात, तर फायरिंग पिनचा ठोका प्रायमर फोडण्याऐवजी त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. बंदूक नुसतीच ‘टक्’ म्हणते आणि रानडुक्कर वळून पाहते. पुढे दाबत राहिलात, तर लेपाला तडे जातात आणि मग काडतुसाच्या मनात येईल तेव्हा ते उडते. या दोन चुकांच्या मधली जागा कागदाच्या जाडीची. आणि दांडा जितका लांब, जोर जितका पटीत वाढवणारा, तितके प्रायमरचे हे बोलणे मनगटापर्यंत येईतो पुसट होत जाते.

इकडे आपल्या छत्रपती संभाजीनगरात असा प्रेस कुणाच्या गच्चीवरच्या खोलीत दिसणार नाही, आणि दिसलाच तर नातेवाइकांच्या आधी पोलीस पाहायला येतील. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या दिली आहे. तिच्यात काडतुसे येतात, बॉम्ब येतात, पाण्याखालचे सुरुंग येतात आणि ओघाओघात दारूगोळ्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रेही येतात. म्हणजे टेबलाला आवळलेले एक लोखंडी धूड, ज्यात ना चिमूटभर दारू, ना एक गोळी, ते कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा आहे. परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कायदा लिहिणाऱ्याने बहुधा लांब दांडे हाती आलेली माणसे जवळून पाहिली असावीत.

कारण दांड्याचा प्रश्न या शहराला मुळीच नवा नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणाऱ्या छोट्या शेडची रांग लागली. चिकलठाण्याकडे औद्योगिक वसाहत होतीच. यातल्या कुठल्याही शेडमध्ये आत गेले, की कोपऱ्यात हाताने चालवायचा एक प्रेस असतो. त्याचे काम बुश बसवणे, बेअरिंग बसवणे, पिन दाबणे. काडतूस नाही, पण प्रश्न तोच: छोटी वस्तू, घट्ट भोक आणि लांब दांडा. दांड्यावर बहुतेक वेळा कामाला लागून महिनाही न झालेला पोरगा असतो, आणि त्याच्या मागे, चहाचा कागदी कप हातात धरून, उस्ताद.

“उस्ताद, जाईना.”

“तिरपा धरलास. काढ बाहेर.”

“जरा जोर दिला की जाईल ना.”

“जाईल की. मग त्याच्या मागोमाग मी जाईन, मालकाच्या केबिनमध्ये. बसू दे त्याला. तू बसवू नको.”

पोरगा बुश काढतो, पुसतो, सरळ धरतो आणि दांड्यावर नुसता हात ठेवतो. बुश निमूट आत जाऊन बसतो. उस्ताद काही बोलत नाही, कारण चहा संपलेला असतो.

शेडमधून बाहेर पडले की मात्र हे शिक्षण संपते. जालना रोडवर बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाचा नट निघत नसेल, तर पान्यावर पाइप चढवला जातो. तरी नाही निघाला, तर पाइपवर माणूस चढतो. निघालेला नट परत बसवतानाही तोच पाइप, तोच माणूस. म्हणजे पुढच्या वेळी तो निघू नये याची तजवीज आपण स्वतःच करून ठेवतो, आणि पुढच्या वेळी आधीच्या माणसाला शिव्या घालतो. ठरलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणारा टॉर्कचा पाना याच रोगावर काढलेले औषध आहे. पण ‘टक्’ ऐकल्यावर “असू द्या अजून थोडा” म्हणत एक जादा हिसका देणारे लोक या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती प्रायमर दिला तर काय होईल, या विचाराने १९५९ च्या कायद्याविषयीचा आदर वाढतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पूर्वी प्रायमरच नव्हता. शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरीच्या किल्ल्यात मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले आहे आणि सहलीला आलेल्या प्रत्येक शाळेतली निदान दोन पोरे त्याची शिंगे धरून फोटो काढतात. अशा तोफेत दारू आणि गोळा तोंडाकडून ठासायचा, मागच्या बाजूच्या कानात रंजक भरायची आणि बत्ती द्यायची. त्या कामात ०.१ मिलिमीटरचे कौतुक नव्हते. तोफ कुठल्या बाजूने फुटते, एवढ्यावरच गोलंदाजाचे लक्ष असे.

प्रायमर जन्माला घातला तो एका पाद्र्याने, आणि तोही बदकांमुळे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत घोडा पडला की आधी बाहेरच्या रंजकीचा भडका उडे आणि क्षणभराने गोळी सुटे. तेवढ्या वेळात भडका पाहून पाखरे उडून जात. फॉर्सिथबुवांनी ठोका बसताच पेट घेणारे मिश्रण वापरून नवा चाप तयार केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे तेच मिश्रण तांब्याच्या टोपीत गेले, टोपी काडतुसाच्या बुडात गेली आणि आजचा प्रायमर तयार झाला. रविवारच्या प्रवचनात पाद्रीबुवा शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगत असतील. बदके त्या व्याख्येत येत नव्हती.

मराठी माणसाची या तंत्राशी पहिली ओळख दिवाळीत होते. गुलमंडीच्या बाजारातून आणलेले टिकल्यांचे पिस्तूल हे या शास्त्राचे बालवाडीचे पुस्तक. टिकलीला ठोका बसतो, ती फुटते. कधी ती नीट बसलेली नसते; मग घोडा पडतो आणि आवाजच येत नाही. पोरगा तोच घोडा पुन्हा ओढतो, आणि या खेपेला ती फुटते. पहिल्या ठोक्याने टिकली जागेवर बसवली, दुसऱ्याने फोडली. उंच राहिलेला प्रायमर पुष्कळदा हुबेहूब असेच वागतो. फरक इतकाच, की टिकली न फुटल्यास मुले पिस्तुलाच्या नळीत डोळा घालून पाहतात, आणि खऱ्या बंदुकीच्या बाबतीत तो मोह आवरावा लागतो.

ऐरणीवरून तर जगाची दोन शकले झाली. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण प्रायमरच्या आत ठेवली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक पाडले. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीतच घडवली आणि बाजूला दोन भोके पाडली. दोघांची पेटंटे १८६६ ची. झाले असे, की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपाने अमेरिकनाची. बॉक्सरच्या पुंगळीतला जुना प्रायमर एका सुईने मधल्या भोकातून ढकलून काढता येतो, बर्डनचा तसा निघत नाही. घरबसल्या काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यात एका इंग्रजाच्या भोकाचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हे काम मुख्यतः सरकार करते. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि भुसावळजवळच्या वरणगावात १९६४ पासून. दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत. योगायोग असा, की मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या या आपल्या शहराचे मूळ नावही खडकीच. औरंगजेब आला, नाव बदलले. २०२३ मध्ये पुन्हा बदलले. एका खडकीला काडतुसे आली आणि दुसऱ्या खडकीला मोटारसायकली. वाटणीत फार अन्याय झाला असे इथल्या लोकांना वाटत नाही. कोकणातल्या शेतकऱ्याकडे मात्र पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजही आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि आचारसंहितेच्या काळात वानरांना मोकळे रान मिळते.

दांड्याच्या भानगडीला कंटाळून १९५८ मध्ये रिचर्ड ली नावाच्या अमेरिकनाने दांडाच काढून टाकला. त्याच्या ‘ली लोडर’ नावाच्या संचात सगळे काम हातोडीने व्हायचे. पुंगळी मापात आणायची, ठोका. गोळी बसवायची, ठोका. आणि प्रायमरही हलक्या हाताने ठोकूनच बसवायचा. जी वस्तू ठोका बसला की फुटावी म्हणूनच बनवली आहे, तिला ठोकून बसवायचे! अधूनमधून ‘फट्’ व्हायचे आणि स्वयंपाकघरातून विचारणा व्हायची. तरी संच स्वस्त होता, म्हणून खपला. स्वस्त म्हटल्यावर माणूस किती धीट होतो, हे कळायला अमेरिकेला जावे लागत नाही.

दांडा मुळातच वाईट असे म्हणायचे कारण नाही. जगभर गेलेला एक दांडा मराठवाड्याने घडवला आहे, आणि तो हाताशी अगदी मोकळेपणाने बोलतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी, दुष्काळाच्या दिवसांत, विंधनविहिरींवर एका कुटुंबापुरते केलेले ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले जात. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या गावच्या रांगेपुढे ते महिन्याभरात मान टाकत. जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी, एकाच आसावर फिरणारा पंप तयार केला. मग सोलापूर वेल सर्व्हिसमधल्या ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराने त्यात सुधारणा केल्या. आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या पुढाकाराने त्यातून ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. त्याचा दांडा भरीव पोलादी, जोर आठास एक. बाईने एक किलोचा भार दिला की साखळीला आठ किलोची ओढ बसते. दांड्याचे वजनच आतल्या सळ्यांचा भार बराचसा तोलून धरते.

या पंपाला प्रेसपेक्षा दोन गोष्टी जास्त कळतात. पहिली, त्याचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. मध्येच पटीत वाढून हाताला चकवत नाही. म्हणून चार वेळा दांडा मारला की बाई हंडा न पाहता सांगते, “वायसर गेलंय वाटतं, हलका लागतोय.” पाणी चाळीस मीटर खाली, वॉशर त्याच्याही आसपास, आणि बातमी तळहातात. दुसरी, दांड्याला वर आणि खाली ठरलेला अडसर आहे. खट् झाले की संपले. मग पोरे लटकोत की गावचा पहिलवान. काही मोजक्या महागड्या प्रेसवर प्रायमरसाठी असा अडसर दिलेला असतो. ठरलेल्या खोलीला दांडा थांबतो आणि वापरणाऱ्याच्या अकलेला त्रास पडत नाही. बाकीच्या प्रेसवर ही जबाबदारी गिऱ्हाइकाची.

या सगळ्या कटकटीतून पूर्ण सुटलेला नेमबाजही मराठीच सापडतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या रायफलचे काडतूस पॉइंट टू टू, आणि त्यात प्रायमर नावाची वेगळी वस्तूच नसते. ओले मिश्रण पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत जाऊन बसते, आणि पिन त्या कडेलाच ठोका देते. कड एकदा चेपली की पुंगळी कायमची भंगारात. बसवायला काही नाही, दाबायला काही नाही, पुन्हा भरायचाही प्रश्न नाही. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही हेच काडतूस वापरून जिंकली. कोल्हापूरकरांनी नेम धरायचे काम स्वतःकडे ठेवले आणि दाबादाबीचे कारखान्यावर सोडले, हे बरेच झाले.

ज्यांना मोठी रायफल चालवायची आहे आणि पुंगळी फेकवत नाही, त्यांच्यासाठी अखेर एक छोटी पक्कड निघाली. मुठीत मावणारी, बोटांनी दाबायची, दांडा चार बोटांचा. जोर इतका बेताचा, की भिंतीचे घासणे, पायांचे टेकणे आणि शेवटचा किंचित दाब हे तिन्ही टप्पे बोटांना स्वच्छ कळतात. अचूकतेच्या स्पर्धेत उतरणारे बरेच लोक आता प्रायमर असाच बसवतात, आरामखुर्चीत बसून, समोर टीव्ही लावून. ली आणि आरसीबीएस या दोन्ही कंपन्या अशी पक्कड विकतात. दोघींच्या प्रेसवर प्रायमर बसवायची सोय आधीपासून असतेच. गिऱ्हाईक दोन्हींचे पैसे मोजते, आणि प्रेसवरचा तो भाग काढून, तेल लावून, खोक्यात ठेवून देते.